बोअर वाढवल्यानंतर पुन:पुन्हा लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालणारे एअर-कूल्ड इंजिन: मूळ डी-जेट्रॉनिक न काढता दोष कसा शोधावा

पोर्शे ९१४ किंवा फोक्सवॅगन ४११ मधील १६७९ घन सेंटिमीटरचे, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे आडवे इंजिन ओव्हरहॉलसाठी खोलले, की त्याच वेळी थोडी ताकद वाढवून घ्यावी असा विचार बहुतेक मालकांच्या मनात येतोच. ९० मिलिमीटरच्या जागी ९६ मिलिमीटरचे पिस्टन आणि सिलिंडर घेतले जातात, गरजेप्रमाणे हेड आणि केसमधील बैठक त्या मापाला कातून घेतली जाते, क्षमता १९११ वर पोहोचते आणि जोडीला थोडा चढा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) येतो. बॉशचे मूळ डी-जेट्रॉनिक इंजेक्शन (पेट्रोल फवारणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली) मात्र तसेच ठेवले जाते, आणि ते ठेवावेच असे माझे मत आहे. पहिले काही दिवस इंजिन समाधानकारक चालते. मग गरम झाल्यावर आयडलिंग वर-खाली होऊ लागते, ताशी ७०-८० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाला गाडी आचके देते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो आणि चढावर हेडचे तापमान पूर्वीपेक्षा बरेच वर जाते.

यानंतर काय होते तेही जवळजवळ ठरलेले आहे. कंट्रोल युनिटच्या बाजूला एक लहान खुंटी असते, ती कोणीतरी फिरवून पाहते आणि आयडलिंग सुधारते. आठवड्याभरात आचके परत येतात. मग पेट्रोलचा दाब थोडा वाढवला जातो आणि आचके कमी होतात, पण आता गरम इंजिन सुरू होताना काळा धूर येतो. मग दाब पुन्हा खाली. असे दोन-तीन वेळा झाले, की ‘जुने इलेक्ट्रॉनिक्स बिघडले आहे’ असा निष्कर्ष निघतो आणि इंजेक्शन काढून दोन कार्ब्युरेटर बसवले जातात. बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक्समध्ये काहीच बिघडलेले नसते. ही प्रणाली ज्या इंजिनासाठी मोजूनमापून तयार केली होती ते इंजिन आता तिथे नाही, आणि त्यातच झिजलेल्या दोन-तीन सुट्या भागांचा दोष मिसळल्यामुळे मूळ कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करता येत नाही.

ही प्रणाली हवा मोजत नाही

निदानाआधी डी-जेट्रॉनिकचे काम कसे चालते हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आलेली ही प्रणाली इंजिनात किती हवा गेली हे प्रत्यक्ष मोजत नाही. ती मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब पाहते, डिस्ट्रिब्युटरमधील ट्रिगर कॉन्टॅक्टवरून इंजिनाची गती पाहते, हवेचे आणि हेडचे तापमान जमेस धरते आणि ‘या दाबाला, या गतीला, या इंजिनात इतकी हवा जात असणार’ असे गृहीत धरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे ते ठरवते. हे गृहीतक दाबाच्या सेन्सरमध्ये आणि कंट्रोल युनिटच्या सर्किटमध्ये कायमचे बसवलेले आहे. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर नाही, त्यामुळे हिशेब चुकला तरी तो चुकल्याचे प्रणालीला कधीच कळत नाही. एकदा घेतलेल्या मापावर वर्षानुवर्षे कपडे शिवत राहणाऱ्या शिंप्यासारखी तिची गत आहे: गिऱ्हाईक जाडे झाले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता आकडे पाहू. स्ट्रोक (पिस्टनची चाल) ६६ मिलिमीटरच ठेवून बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० वरून ९६ केला, तर क्षमता १६७९ वरून १९११ होते, म्हणजे सुमारे १३.८ टक्के वाढ. मॅनिफोल्डमधील दाब आणि गती तीच असेल तर इंजिन तितकीच जास्त हवा ओढणार, पण पेट्रोल मात्र जुन्या हिशेबानेच येणार. त्यात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर पूर्ण ज्वलनासाठी हवा आणि इंधन यांचे प्रमाण १४.७ वरून साधारण १४.१ वर येते, म्हणजे आणखी चारएक टक्के इंधन हवे. दोन्ही मिळून तूट १८ टक्क्यांच्या आसपास जाते. मूळ मांडणी थोडी रिच (हवेच्या मानाने जास्त पेट्रोल) बाजूला असल्यामुळे त्यातला काही भाग झाकला जातो आणि इंजिन चालते. पण ते काठावर चालते. ट्रिगर कॉन्टॅक्टवर थोडी घाण साचली, की ते काठावरून घसरते. दुरुस्ती केल्यावर दोष काही दिवस दबतो आणि परत येतो, त्याचे मुख्य कारण हे आहे.

कॅमशाफ्टचा प्रश्न याहून अवघड आहे. क्षमता वाढल्याने पडणारी तूट सगळ्या परिस्थितीत साधारण सारख्या प्रमाणात असते, म्हणून ती एका गुणकाने भरून काढता येते. चढ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ (ओव्हरलॅप) वाढतो, आयडलिंगला जळालेला वायू मॅनिफोल्डमध्ये मागे येतो आणि व्हॅक्यूम पडतो. मूळ कॅमवर पाऱ्याच्या १५ इंचांच्या आसपास असलेला व्हॅक्यूम १० इंचांवर आला, तर सेन्सरला वाटते की इंजिनावर मोठा भार आला आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे आयडलिंगला मिश्रण रिच होते. तेच इंजिन मिनिटाला ३५०० फेऱ्यांच्या पुढे मूळ कॅमपेक्षा चांगले भरते, आणि तिथे मिश्रण लीन होते. एकाच वेळी खाली रिच आणि वर लीन असणारे इंजिन कोणताही एक स्क्रू फिरवून सुधारत नाही. खालचे सुधारावे तर वरचे बिघडते. म्हणून इंजिन अजून बांधलेले नसेल, तर डी-जेट्रॉनिक ठेवायचे या निर्णयाबरोबरच कॅम मूळचा किंवा कमी ओव्हरलॅपचा, इंजेक्शनसाठी म्हणून दळलेला घ्यावा. कार्ब्युरेटरसाठी केलेला कॅम कितीही नावाजलेला असला तरी इथे तो उपयोगाचा नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी

तपासणीपुरते सगळे बदल मागे घ्यावेत: खुंटी मध्यावर, पेट्रोलचा दाब २.० बारवर, आणि कोणी तापमान सेन्सरच्या वायरमध्ये रेझिस्टर जोडला असेल तर तो काढून. काही २.० लिटरच्या ९१४ मध्ये हेडच्या सेन्सरला कारखान्यानेच असा रेझिस्टर दिलेला होता, तेवढा अपवाद. पूर्वीच्या दुरुस्त्या तशाच ठेवून नव्या दुरुस्त्या त्यांवर चढवल्या, तर मोजलेल्या कोणत्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

इंजिनाची यांत्रिक स्थिती आधी पाहावी. नव्या व्हॉल्व्ह सीटवर व्हॉल्व्ह पहिल्या काही शे किलोमीटरांत बसतात आणि टॅपेटचे अंतर कमी होते. मूळ पुशरॉडवर इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर अंतर थंड इंजिनावर असावे. ते नाहीसे झाले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, व्हॅक्यूम पडतो आणि हवा न मोजणारी ही प्रणाली लगेच पेट्रोल वाढवते. ओव्हरहॉलनंतर काही दिवसांनी ‘आपोआप’ रिच झालेल्या इंजिनांमध्ये मी सर्वप्रथम हेच पाहतो. त्यानंतर कॉम्प्रेशन, आणि मग इग्निशन: पॉइंटचा ड्वेल (पॉइंट बंद राहण्याचा कोन) ४४ ते ५० अंश, आणि व्हॅक्यूमच्या नळ्या काढून ३५०० फेऱ्यांना टायमिंग २७ अंश आगाऊ. या इंजिनावर ‘००९’ हा प्रसिद्ध, केवळ सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर बसवता येत नाही, कारण त्याच्या तळाशी ट्रिगर कॉन्टॅक्टच नसतात आणि त्यांच्याशिवाय इंजेक्टरला कधी उघडायचे ते कळत नाही.

ट्रिगर कॉन्टॅक्टवर थोडे थांबायला हवे. डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या भागात, बाहेर सरकवून काढता येईल अशा एका पट्टीवर, समोरासमोर दोन कॉन्टॅक्ट असतात. प्रत्येक कॉन्टॅक्ट दोन इंजेक्टर एकदम उघडतो: एक जोडी १ आणि ४ क्रमांकाची, दुसरी २ आणि ३ ची. पट्टी बाहेर काढून उजेडात धरली, की काळपट तेलाचा थर आणि खाली झिजून चपटी झालेली फायबरची टाच दिसते. एक कॉन्टॅक्ट अधूनमधून चुकला तर दोन सिलिंडर एखाद्या फेरीत उपाशी राहतात आणि गाडी चालवणाऱ्याला ते लीन मिश्रणाच्या आचक्यासारखेच जाणवते. तपासणीसाठी कंट्रोल युनिटचा मोठा प्लग काढून १२ आणि २१, तसेच १२ आणि २२ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा आणि इंजिन हाताने फिरवावे. प्रत्येक जोडी स्वच्छपणे जुळली आणि सुटली पाहिजे. पुसण्यासाठी सॅंडपेपर वापरू नये. साधा कडक कागद कॉन्टॅक्टमधून एक-दोनदा ओढला तरी पुरतो, आणि टाचेला डिस्ट्रिब्युटरच्या ग्रीसचा अगदी थोडा ठिपका लावावा.

त्याच मोठ्या प्लगवर आणखी काही मोजमापे उभ्या उभ्या होतात. दाबाच्या सेन्सरच्या दोन कॉइल ७ व १५ या पिनांमध्ये सुमारे ९० ओहम आणि ८ व १० मध्ये सुमारे ३५० ओहम दाखवतात. या दोन्ही कॉइल एकमेकींशी किंवा बॉडीशी जोडलेल्या दिसता कामा नयेत. हवेच्या तापमानाचा सेन्सर २० अंश सेल्सिअसला ३०० ओहमच्या आसपास असतो. १.७ लिटर इंजिनातील हेडचा सेन्सर त्याच तापमानाला अडीच किलोओहमच्या आसपास असतो आणि इंजिन पूर्ण तापल्यावर १०० ओहमच्या खाली उतरतो. त्याची वायर तुटली किंवा कनेक्टर ढिला असला तर कंट्रोल युनिटला इंजिन कायम बर्फासारखे थंड वाटते आणि पेट्रोलचा पूर येतो. इंजेक्टरची कॉइल दोन ते तीन ओहमची असते.

यानंतर अर्थिंग पाहावे. हे काम अगदीच साधे आहे आणि म्हणूनच राहून जाते. इंजिन केसवर एकाच बोल्टखाली तपकिरी वायरांचे अनेक टोक एकत्र येतात. ओव्हरहॉलनंतर त्या जागी रंगाचा किंवा सीलंटचा थर राहिला तर इंजेक्टरचा करंट कधी पुरेसा जातो, कधी नाही, आणि दोष खड्ड्यांच्या रस्त्यावर येतो, सपाट रस्त्यावर जातो. धातू उघडा होईपर्यंत घासून बोल्ट परत आवळावा.

एकसारख्या वेगाचे आचके

ज्या एका लक्षणामुळे सर्वाधिक लोक या प्रणालीला कंटाळतात ते हेच, आणि त्याचे कारण पुष्कळदा मिश्रणात नसतेच. थ्रॉटलच्या शाफ्टवर बसवलेल्या स्विचमध्ये एका छोट्या पट्टीवर कंगव्याच्या दातांसारखे तांब्याचे ट्रॅक असतात. ॲक्सिलरेटर दाबताना त्यांवरून घासत जाणारा ब्रश कंट्रोल युनिटला जादा पेट्रोलाचे लहान ठोके पाठवतो, म्हणजे पिकअप मिळतो. वर्षानुवर्षे रस्त्यावर थ्रॉटल ज्या ठिकाणी धरलेला असतो, नेमके तिथले दात झिजतात, त्यांवरचा थर निघून तांब्याची धूळ मधल्या फटीत साचते. मग पाय हलला नाही तरी इंजिनाच्या थरथरीने ब्रश दोन दातांमध्ये नाचतो आणि नको असताना पेट्रोलाचे ठोके जात राहतात. खात्री करून घेणे सोपे आहे: स्विचचा प्लग काढून गाडी चालवून पाहावी. पिकअप सुस्त होईल, पण एकसारख्या वेगाचे आचके पूर्ण थांबले तर दोष इथेच आहे, आणि दाब वाढवून तो जाणार नाही. ट्रॅक स्पिरिटने पुसून काही काळ काम भागते. फार झिजले असतील तर पट्टी बदलावी. परत बसवताना थ्रॉटल जेमतेम एक अंश उघडला, की आयडल कॉन्टॅक्ट सुटल्याचा टिक आवाज आला पाहिजे. तो कॉन्टॅक्ट नीट लागत नसेल, तर वर सांगितलेली खुंटी कितीही फिरवली तरी काहीच होत नाही, कारण ती केवळ आयडलिंगचे मिश्रण बदलते आणि आयडलिंग चालू आहे हे कंट्रोल युनिटला या कॉन्टॅक्टवरूनच कळते.

आयडलिंग लाटेसारखे वर-खाली होत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आहे का ते पाहावे. पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इनटेकच्या मुख्य पेटीत कुठूनही हवा शिरली तर या प्रणालीत इंजिन सहसा लीन होत नाही. हवा शिरली, की दाब वाढतो, सेन्सर तो वाढलेला दाब पाहतो आणि तितके पेट्रोल वाढवतो. परिणाम म्हणून आयडलिंग चढते. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना गती ठरावीक फेऱ्यांच्या वर गेली तर काही कंट्रोल युनिट पेट्रोल पूर्ण तोडतात, गती खाली आली की पुन्हा चालू करतात, आणि ही वर-खाली होणारी चाल तिथून येते. गळती एखाद्याच सिलिंडरच्या नळीच्या रबराजवळ असली तर मात्र ते एक सिलिंडर लीन होते, कारण सेन्सर चारही सिलिंडरांचा मिळून दाब पाहतो. थंड इंजिनासाठी जादा हवा सोडणारा ऑक्झिलरी एअर रेग्युलेटर गरम झाल्यावर पूर्ण बंद होतो की नाही, हे त्याची नळी चिमट्याने दाबून पाहावे. गरम इंजिनावर नळी दाबल्याने फेऱ्या उतरल्या तर तो अडकलेला आहे.

दाबाचा सेन्सर

सेन्सरच्या आत हवा काढून घेतलेल्या दोन धातूच्या डब्या असतात. मॅनिफोल्डमधील दाब बदलला, की त्या फुगतात किंवा आकसतात आणि कॉइलच्या आतील लोखंडी गाभा पुढे-मागे सरकवतात. त्यांच्या मागे एक पातळ धातूचा पडदा असतो, जो पूर्ण थ्रॉटलला मिश्रण जादा रिच करतो. या पडद्याला वयाने भेग पडते, आणि भेग पडली की सेन्सर बहुतेक काळ पूर्ण भार असल्यासारखा वागतो. हातपंपाने १५ इंच व्हॅक्यूम ओढून काही मिनिटे धरावा. काटा उतरू लागला तर सेन्सर दुरुस्तीला पाठवावा, पुढे काहीही करू नये. फुटक्या पडद्याच्या सेन्सरवर केलेले ट्यूनिंग सगळे वाया जाते. मोठ्या बोअरमुळे लीन असलेल्या इंजिनावर भेग पडलेला रिच सेन्सर योगायोगाने बरा चालतो आणि मालक खूश असतो. सेन्सर दुरुस्त केल्यावर मात्र ‘दुरुस्तीने बिघडवले’ अशी तक्रार येते. दोन दोष एकमेकांना झाकत होते एवढेच.

क्षमतेची तूट भरून काढणे

वरचे सगळे स्वच्छ झाल्यावर, आणि त्याआधी नाही, मिश्रणाला हात लावावा. त्यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा) आणि प्लगखाली बसणारी तापमानाची रिंग ही दोन साधने हवीत. सेन्सर चारही सिलिंडरांचा एक्झॉस्ट जिथे एकत्र येतो तिथे लावावा. जुन्या हीट एक्सचेंजरच्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, किंवा एक सिलिंडर मिसफायर करत असेल, तर न जळालेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो आणि प्रत्यक्षात रिच असलेले इंजिनही लीन दिसते. वाइडबँडचा आकडा पाहून पेट्रोल वाढवत सुटलेल्या आणि तरीही आकडा न हललेल्या इंजिनात हेच घडलेले असते.

उपाय तीन आहेत. पहिला, पेट्रोलचा दाब वाढवणे. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १३.८ टक्के जादा हवे असेल तर दाब १.३ पट, म्हणजे २.० वरून साधारण २.६ बार करावा लागतो. रेग्युलेटरवर लॉकनट असलेला स्क्रू असतो, त्याने हे होते. केवळ क्षमता वाढली असेल आणि कॅम मूळचाच असेल, तर हा उपाय लोक समजतात तितका अडाणी नाही, कारण सगळ्या परिस्थितीत जवळजवळ सारखाच गुणक मिळतो. अट एवढीच, की आधी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इंजेक्शनच्या दाबाला योग्य अशा हव्यात. एअर-कूल्ड इंजिनावर पेट्रोलची नळी फुटण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरा उपाय, सेन्सरचे स्क्रू फिरवणे. मागच्या बाजूचे सील काढल्यावर एकात एक बसलेले स्क्रू दिसतात. सर्वांत आतला गाभ्याची जागा आणि पर्यायाने सर्वसाधारण मिश्रण ठरवतो, बाहेरचा पूर्ण भाराची मर्यादा ठरवतो. हात लावण्याआधी ठरावीक व्हॅक्यूमला कॉइलचे इंडक्टन्स मोजून लिहून ठेवावे, म्हणजे मूळ जागी परत येता येते. एका वेळी एक अष्टमांश फेरा, मग रस्त्यावर मोजणी, मग पुढचा. कॅम किंवा एक्झॉस्ट थोडा बदललेला असेल तर हाच मार्ग धरावा लागतो, कारण अर्धा भार आणि पूर्ण भार वेगवेगळे जुळवता येतात.

तिसरा उपाय मला सर्वांत पटतो, विशेषतः क्षमता १९११ च्याही पुढे न्यायची असेल तेव्हा. ७१ मिलिमीटरचा क्रँक आणि ९६ मिलिमीटरचे पिस्टन घेऊन २०५६ चे इंजिन बांधले आणि त्यावर १.७ लिटरचेच इंजेक्शन ठेवले, तर तूट २२ टक्क्यांवर जाते आणि ती दाबाने भरायची तर ३ बार लागतील. त्याऐवजी २.० लिटरच्या ९१४ चा संच, म्हणजे कंट्रोल युनिट, दाबाचा सेन्सर, इंजेक्टर आणि हेडचा तापमान सेन्सर, एकत्र घ्यावा. तो १९७१ घन सेंटिमीटरसाठी केलेला आहे, त्यामुळे तूट चारएक टक्के उरते आणि दाब २.२ बारच्या आसपास नेला की काम होते. संच घेताना बॉशच्या क्रमांकांचे शेवटचे तीन आकडे जुळवून पाहावेत. कंट्रोल युनिटचे क्रमांक ० २८० ००० ने, दाबाच्या सेन्सरचे ० २८० १०० ने, तापमान सेन्सरचे ० २८० १३० ने आणि इंजेक्टरचे ० २८० १५० ने सुरू होतात. पुढचे तीन आकडे एकाच इंजिनाचे नसतील तर भाग बसतील, प्लग जुळतील, पण मिश्रण जुळणार नाही. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे कोणीतरी पूर्वी एखादा भाग बदलून ठेवला असल्याची शक्यता तपासणीच्या सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी.

हेडच्या सेन्सरच्या वायरमध्ये रेझिस्टर जोडून मिश्रण रिच करण्याची युक्ती बरीच प्रचलित आहे. तापलेल्या इंजिनावर सेन्सर शंभर ओहमच्या खाली असल्यामुळे दोन-अडीचशे ओहमची भर तिथे मोठा फरक करते, थंड इंजिनावर तीच भर जाणवतही नाही. म्हणून किरकोळ दुरुस्तीला ती चालेल. चौदा टक्क्यांची तूट तिच्यावर टाकू नये.

एल-जेट्रॉनिक असेल तर

अमेरिकेत विकलेल्या १९७४ आणि १९७५ च्या १.८ लिटर ९१४ मध्ये आणि त्यानंतरच्या फोक्सवॅगन बसमध्ये एल-जेट्रॉनिक आहे, आणि तिथे वरच्या बऱ्याच गोष्टी उलट होतात. ही प्रणाली झडपेच्या मीटरने हवा प्रत्यक्ष मोजते, त्यामुळे क्षमतेतील मर्यादित वाढ ती स्वतःच सांभाळते. उलट मीटरच्या पुढे कुठूनही शिरलेली हवा न मोजलेली राहते आणि इंजिन लगेच लीन होते. ऑइल फिलरच्या झाकणाचे सील किंवा डिपस्टिकचे रबर एवढ्याशा गोष्टीनेही हे घडते. चढ्या कॅमच्या उलट्या धक्क्यांनी झडप थरथरते आणि बॅकफायरने ती वाकते. मीटरच्या स्प्रिंगचा ताण दातेरी चाकाने बदलता येतो, पण गळती पूर्ण बंद केल्याशिवाय आणि मूळ दातावर खूण केल्याशिवाय त्या चाकाला हात लावू नये.

रस्त्यावरची अंतिम मोजणी

पूर्ण तापलेल्या इंजिनावर एकसारख्या वेगाला लॅम्बडा (१ म्हणजे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण, त्याखाली रिच) ०.९५ ते १.० आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८ या पट्ट्यात असावा. ३ क्रमांकाच्या सिलिंडरच्या प्लगखालील तापमान लांब चढावर २०० अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहत असेल तर मी थ्रॉटल कमी करून थांबतो आणि कारण शोधतो. ते कारण दर वेळी मिश्रण नसते. इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातील रबरी पट्टी निघालेली असेल, तर खालची गरम हवा पंख्याकडे पुन्हा ओढली जाते. हेडच्या पंखांमध्ये ओतकामाची राहिलेली धातूची पापुद्री हवेची वाट अडवते. मोठ्या बोअरबरोबर कॉम्प्रेशन वाढले असेल, तर टायमिंग दोन-तीन अंश मागे घ्यावे लागते. लॅम्बडा बरोबर असूनही तापमान चढत असेल तर पेट्रोल आणखी वाढवून ते खाली आणण्याचा मोह टाळावा, कारण जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि नव्या रिंगा बसण्याआधीच झिजतात.

आकडे जुळल्यावर सेन्सरच्या स्क्रूंवर पुन्हा सील लावावे, रेग्युलेटरचा लॉकनट आवळून त्यावर रंगाची रेघ मारावी आणि दाब, टायमिंग, आयडलिंगचा व्हॅक्यूम व खुंटीची जागा इंजिनाजवळच्या एका कार्डावर तारखेसह लिहून ठेवावी. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा जुळवून व्हॅक्यूम मोजावा. तो कार्डावरच्या आकड्यापेक्षा दीड-दोन इंचांनी कमी आला तर मिश्रणाला हात न लावता तपासणी पुन्हा टॅपेट आणि टायमिंगपासून सुरू करावी. आणि या सगळ्यानंतरही आयडलिंगला रिच आणि वरच्या गतीला लीन अशी जोडी कायम राहिली, तर दोष इंजेक्शनचा नसून कॅमचा आहे, आणि मूळ प्रणाली ठेवायची असेल तर केस पुन्हा उघडून कॅम बदलावा लागेल.